सोप्पा आहे हो, चला!

परवा आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॅप गटावर एक आमंत्रण आलं. "रविवारी वेरिबी गॉर्ज. एकदम सोप्पा वॉक आहे. पोरंटोरं, आजी-आजोबा सगळ्यांना आणा. खाऊ प्रत्येकाने आपापला." खाली धडाधड अंगठे पडले. मी आपलं विचारलं, की रविवारचा अंदाज छत्तीस अंशांचा आहे, पाण्याचं काय? त्यावर उत्तर आलं, "अरे किती घाबरवशील, तू ना, लग्नाच्या घरात मर्तिकाचं बोलणारा माणूस आहेस!"

असो. तिथे मी गप्प बसलो, कारण गटावर वाद घालून आजवर कुणाचं मत बदललेलं मी पाहिलेलं नाही. पण हात शिवशिवत होते, म्हणून इथे लिहितोय. ही जागा माझी आहे, इथे मला कुणी अंगठे दाखवून गप्प करू शकत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं नमन. मेलबर्नहून पश्चिमेला गाडीने तासाभरावर बॅकस मार्श नावाचं गाव आहे. त्याच्या पुढे वेरिबी नदीने डोंगर कापत नेऊन एक खोल घळ केली आहे. (गॉर्जला मराठीत 'घळ' हा इतका नेमका शब्द असताना आपण तो फक्त शिवथरघळीपुरता ठेवून दिला आहे.) एका बाजूला कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेले आणि नंतर दुमडून उभे राहिलेले थर, मध्येच हिमनद्यांनी आणून टाकलेले दगडगोटे, आणि वर लाव्हा. भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी इथे मुद्दाम येतात. आठ-दहा किलोमीटरची फेरी आहे. नदीकाठाने जुन्या काँक्रीटच्या पाटाच्या कडेकडेने वाट जाते, एका ठिकाणी खडकाला लावलेली तार धरून नदीच्या वरून सरकत जावं लागतं, पुढे दोन छोट्या वाळूच्या जागा लागतात, आणि मग घळीतून वर चढून डोंगराच्या माथ्याने परत. जागा अप्रतिम आहे. मी तिथे किती वेळा गेलोय ते मोजायचं सोडून दिलंय. तेव्हा, कुणी तिकडे जाऊ नये असं मी म्हणेन हा गैरसमज आधीच काढून टाका.

माझं भांडण आहे ते 'सोप्पा' या शब्दाशी. आणि तो शब्द पहिल्यांदा मीच वापरला होता, म्हणून जास्त आहे.

२०१३ सालच्या जानेवारीतली गोष्ट. सासू-सासरे साताऱ्याहून पहिल्यांदाच आले होते. सासरे तेव्हा सहासष्ट वर्षांचे, पण अजिंक्यतारा रोज पहाटे चढून येणारे. राजगड, रायगड, वासोटा सगळं पालथं घातलेलं. मी त्यांना म्हटलं, "बाबा, इथे एक छोटासा ट्रेक आहे. तुमच्यासाठी तर चहाला जाऊन आल्यासारखा." आम्ही तीन कुटुंबं निघालो. निघेनिघेपर्यंत अकरा वाजले, कारण आधी पोहे झाले, मग थेपले बांधून झाले, मग कुणाच्या तरी मुलाची टोपी सापडेना. पाणी म्हणाल तर माणशी अर्ध्या लिटरची एक बाटली. अंदाज चौतीस अंशांचा होता. चौतीस म्हणजे काय, साताऱ्यात मे महिन्यात ते थंड मानतात!

आम्ही नदीकडून सुरुवात केली. पहिला तास स्वर्ग. सपाट वाट, नदीत थोडं पाणी, मुलं तार धरून खडकावरून सरकताना खिदळत होती. मी फोटो काढत होतो. वाळूवर बसून थेपले खाल्ले आणि बहुतेकांच्या बाटल्या तिथेच संपल्या. मग चढ लागला.

तो चढ राजगडाच्या तुलनेत काहीच नाही. पण वेळ दुपारी दीडची होती, समोरचा कातळ सकाळपासून तापून आता उलटी आग ओकत होता, घळीत वाऱ्याची झुळूक नव्हती, आणि इथल्या निलगिरीची सावली ती काय, पानं उन्हाला कड दाखवून उभी लोंबतात, खाली नुसतं जाळीदार ऊन पडतं. अर्ध्या चढावर सासरे एका दगडावर बसले. म्हणाले, "जरा दम खातो." दहा मिनिटांनी मी पाहिलं तर त्यांचा घाम थांबला होता, आणि ते मला माझ्या मेहुण्याच्या नावाने हाक मारत होते.

त्या क्षणी माझ्या पोटात जो गोळा आला तो आजही आठवतो. मोबाईल काढला, रेंज शून्य. पाणी विचारलं, तर सहा मोठ्या माणसांत आणि पाच मुलांत मिळून एका बाटलीच्या तळाशी दोन घोट. ते आम्ही त्यांच्या तोंडाला लावले. शर्ट काढून वारा घातला. बायको रडत होती आणि मुलं तिच्याकडे बघून रडत होती. सुमारे वीस मिनिटांनी वरून एक वयस्कर जोडपं उतरत आलं. त्यांनी काही न बोलता पाठीवरच्या पिशव्या उतरवल्या. त्यांच्याकडे मिळून सहा-सात लिटर पाणी होतं. त्यातलं थोडं त्यांनी बाबांना घोटाघोटाने पाजलं आणि बरंचसं त्यांच्या डोक्यावर, मानेवर, काखेत ओतलं. ओळ धरून छत्रीने सावली केली. पाऊण तासाने बाबा नीट बोलायला लागले. मग तो गृहस्थ मला एवढंच म्हणाला, "पाणी किती आणलं होतं?" मी सांगितलं. त्याने मान हलवली आणि विषय बदलला. मला तो जर शिव्या घालता तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी दवाखान्यात सलाईन लावून बाबांना सोडलं. पुढे ते ठणठणीत झाले, आणि साताऱ्याला परत गेल्यावर "ऑस्ट्रेलियात एक किरकोळ टेकाड आहे, तिथे मला चक्कर आली" अशी ती गोष्ट मजेत सांगायचे. मी मात्र ती कधी मजेत सांगू शकलो नाही.

तर मुद्दा असा. आपण मराठी माणसं इथल्या रानवाटांवर जातो ती एक मोठी ऐट घेऊन. "आम्ही सह्याद्रीतले." मीही म्हणायचो. पण त्या दिवसानंतर मी बराच विचार केला, आणि माझ्या असं लक्षात आलं की सह्याद्रीत आपल्याला जे तारून नेत होतं त्यात आपल्या पायांचा वाटा आपण समजतो तेवढा नव्हता. सह्याद्रीत आपण कधी एकटे नव्हतो. पायथ्याला वाडी असते. वाट चुकलो तर गुरं राखणारं एखादं पोर भेटतं आणि "तिकडं कुठं निघालाव?" असं विचारतं. खिंडीत एखादी मावशी ताक आणि लिंबू-सरबत घेऊन बसलेली असते. गडावर टाकं असतं, आणि ते कुठे आहे हे सांगणारा मामा असतो. रात्र झाली तर देवळात पथारी आणि कुणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी. आपण ज्याला आपला अनुभव म्हणतो त्यातला निम्मा अनुभव त्या माणसांचा आहे. ती माणसं वजा केली की आपण किती उरतो, हे मला वेरिबीच्या चढावर कळलं.

इथल्या रानात ती वाडी नाही. कधीकाळी होती. या नदीच्या दोन्ही काठांना वादावुरुंग आणि वुरुन्द्जेरी लोक हजारो वर्षं राहत होते, आणि कुठल्या महिन्यात कुठे पाणी असतं हे सांगणारे मामा आणि मावश्या त्यांच्यातही असणारच. गोऱ्या वसाहतीने त्यांना या जमिनीवरून हटवलं. आता त्या जागी एक पाटी आहे. म्हणजे इथे वाट सांगणारं, पाणी सांगणारं, "आता उतरू नका, उशीर झाला" असं म्हणणारं जे काही शिल्लक आहे ते त्या पाटीवर आहे. आणि आपण ती पाटी वाचत नाही! आपण तिच्यासमोर उभं राहून फोटो काढतो.

दुसरी गोष्ट घळीच्या रचनेची. डोंगर चढताना तुम्ही ताजे असता तेव्हा चढ असतो आणि दमता तेव्हा उतार. डोंगर तुम्हाला पहिल्या अर्ध्या तासातच सांगतो की तुमची कुवत काय आहे, आणि नसेल तर तिथूनच घरी पाठवतो. घळ म्हणजे उलटा डोंगर. ती आधी उतार देते, गार पाणी देते, सावली देते, गोड बोलून तुम्हाला तळाशी नेते, आणि चढ शेवटी ठेवते. तोपर्यंत सूर्य डोक्यावर आलेला असतो, बाटली रिकामी झालेली असते आणि मुलांचे पाय दुखत असतात. त्यामुळे "पहिला तास तर काहीच वाटलं नाही" हे घळीच्या बाबतीत आश्वासन नसतं. ते व्याजाने घेतलेल्या पैशांसारखं असतं, फेड नंतर असते.

वर ऋतू उलटे. आपण सह्याद्रीत भटकायचो ते पावसाळ्यात किंवा थंडीत. उन्हाळ्यात ट्रेक करणाऱ्याला आपण वेडा म्हणायचो. इथे मात्र सुट्टी आणि पाहुणे दोन्ही डिसेंबर-जानेवारीत येतात, म्हणजे भर उन्हाळ्यात, आणि 'डिसेंबर' हा शब्द ऐकला की आपल्या डोक्यातला जुना पंचांग म्हणतो, थंडी! उत्तरेकडून वाळवंटावरचा वारा आला की मेलबर्नचं तापमान सकाळच्या बावीसवरून दुपारी चाळीसवर जातं. ७ फेब्रुवारी २००९ ला ते ४६.४ अंशांवर गेलं होतं. त्या दिवशीच्या वणव्यांत व्हिक्टोरियात १७३ माणसं गेली. म्हणून तर आगीचा धोका कमालीचा असतो त्या दिवशी इथली उद्यानं बंद ठेवतात. उत्तरेला किंग्ज कॅनियनच्या माथ्यावरची फेरी आहे. तिथे ३६ अंश किंवा त्याहून जास्तीचा अंदाज असला तर सकाळी लवकर निघालेल्यांनाच जाऊ देतात, नंतर वाट बंद. छत्तीस! आमच्या रविवारच्या अंदाजाइतकेच.

आपल्या लोकांचा ठरलेला पहिला प्रश्न मात्र "साप असतात का हो?" असा असतो. असतात. वाघ्या साप म्हणजे टायगर स्नेक असतो, ब्राऊन स्नेक असतो, दोन्ही भयंकर विषारी. पण संपूर्ण ऑस्ट्रेलियात सापाने वर्षाला सरासरी दोनेक माणसं दगावतात. भारतात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८,००० लोक सर्पदंशाने गेले असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे जिथून आलो तिथे न घाबरता शेतातून अनवाणी हिंडलो आणि इथे येऊन सापाची चौकशी करतो, पाण्याची करत नाही. सापासाठी काय करायचं ते सांगतो: रुंद लवचीक पट्टीची दोन भेंडोळी पिशवीत ठेवा. दंश झाला तर माणसाला जागेवर झोपवा, चालवू नका. जखम धुवू नका, कापू नका. मुरगळलेल्या पायाला बांधतो तितकी घट्ट पट्टी सगळ्या पायाला किंवा हाताला गुंडाळा, काठी लावून अवयव स्थिर ठेवा आणि मदत बोलवा. (हे इथल्या सापांसाठी. घोणस-फुरशाच्या दंशाला तिकडे हाच उपाय सरसकट करू नये.) झालं. या धोक्याला उत्तर आहे. घळीत दुपारी दोन वाजता संपलेल्या पाण्याला उत्तर नाही.

कुणाला वाटेल मी एका चक्कर येण्याचा बाऊ करतोय. तर ऐका. डिसेंबर २००६ मध्ये सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समध्ये तीन शाळकरी मुलं तीन दिवसांच्या भटकंतीला निघाली. उकाडा जबर होता, पाणी संपलं. खाली नदीवर मिळेल या आशेवर ती चालत राहिली. त्यातला सतरा वर्षांचा मुलगा पाणी शोधत पुढे गेला. त्याच्या फोनला रेंज मिळाली, त्याने तीन शून्यांवर पुन्हा पुन्हा फोन केला. पलीकडून त्याला विचारत राहिले, रस्त्याचं नाव काय, जवळचा चौक कुठला. रानात कुठला चौक! काही दिवसांनी तो मृत सापडला. २००९ मध्ये त्याची न्यायालयीन चौकशी झाली, फोन घेणाऱ्यांच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले गेले, आणि ते योग्यच होतं. पण त्याच्या पाठीवर पुरेसं पाणी असतं तर त्या फोनची वेळच आली नसती, हे तितकंच खरं आहे. मला हे वाचताना प्रत्येक वेळी माझी तळाशी दोन घोट उरलेली बाटली दिसते.

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त लागते. पश्चिम ऑस्ट्रेलियात करिजिनी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे हॅन्कॉक गॉर्ज नावाची अरुंद घळ आहे, तिच्यातल्या एका डोहाला 'रीगन्स पूल' म्हणतात. २००४ मध्ये तिथे अडकलेल्यांना सोडवायला गेलेला रीगन नावाचा एक स्वयंसेवक घळीत अचानक आलेल्या लोंढ्यात गेला. त्याचं नाव त्या डोहाला दिलं. स्वयंसेवक बरं का. पगारी नव्हे. इथे आणीबाणीला जे नारिंगी कपड्यातले लोक धावून येतात त्यांतले बहुतेक असेच असतात, कुणी सुतार, कुणी शिक्षिका, रविवारचं जेवण टाकून आलेले. सह्याद्रीतही कुणी कड्यावर अडकलं की लोणावळ्याची, महाडची, नाशिकची गिर्यारोहक पोरं दोर घेऊन रात्री-बेरात्री उतरतात, तीही बिनपगारी. तेव्हा "माझा जीव, माझी मर्जी" हे वाक्य रानात खोटं आहे. तुमच्या मर्जीची किंमत तुम्हीच मोजाल याची काही खात्री नाही.

आता माझ्यावरचे आक्षेप, कारण ते येणारच.

पहिला: "असं घाबरवलंस तर आपली माणसं घराबाहेर पडणारच नाहीत, मॉलमध्ये जातील." हा आक्षेप मला खरोखर महत्त्वाचा वाटतो, कारण आपली पोरं रानात जावीत अशी माझीही तळमळ आहे. पण मला सांगा, त्या दिवशी आमच्याबरोबर असलेली दोन कुटुंबं पुन्हा कधी बुशवॉकला आली? एकही नाही. त्यातली एक मुलगी आता कॉलेजात आहे, ती म्हणते तिला चालायला आवडत नाही. तिला मी 'सोप्पा' सांगून नेलं होतं. खरं सांगून एप्रिलच्या गार सकाळी नेलं असतं तर? खोट्या 'सोप्पा'ने माणसं एकदा येतात आणि कायमची जातात.

दुसरा: "मग सरकारने कठडे घालावेत, पायऱ्या कराव्यात, पाण्याचे नळ बसवावेत, मोबाईलचा टॉवर उभारावा." हा आक्षेप ऐकला की माझं डोकं फिरतं. पावसाळी रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर होणारी कोंडी कुणी पाहिली आहे का? पायऱ्या आहेत, कठडे आहेत, मक्याची कणसं आहेत, आणि माणसं तासन्‌तास एकमेकांच्या अंगावर रेलून उभी आहेत. सोय वाढली की समज वाढते असं नाही, गर्दी मात्र वाढते. वेरिबीच्या त्या तारेजवळ लोखंडी पूल बांधला तर तार धरताना माझ्या मुलाच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते परत कुठल्या दुकानात मिळेल? काही जागा अवघडच राहिल्या पाहिजेत. फक्त त्या अवघड आहेत हे आधी कळलं पाहिजे.

तिसरा आक्षेप माझा मलाच आहे. पाट्यांचाही दोष आहे. इथल्या प्रत्येक रानाच्या तोंडाशी एक मोठा फलक असतो, त्यावर दहा-बारा चित्रं. दरड, घसरण, पडणारी फांदी, खोल पाणी, साप, आग. बागेतल्या सपाट फेरीलाही तीच चित्रं आणि उभ्या घळीलाही तीच. सगळंच धोक्याचं म्हटलं की काहीच धोक्याचं राहत नाही. मला कधीकधी वाटतं हे फलक वाटसरूसाठी लिहिलेले नसून उद्या वकिलाला दाखवण्यासाठी लिहिलेले आहेत. वाटांची एक ते पाच अशी प्रतवारी असते, ती चांगली आहे, पण ती त्या वाटेची असते, त्या दिवसाची नसते. मे महिन्यातली तीन नंबरची वाट जानेवारीत दुपारी एक वाजता तीन नंबरची राहत नाही. माझ्या हातात असतं तर मी घळीच्या तोंडाशी चारच ओळी लिहिल्या असत्या: पुढे प्यायचं पाणी नाही. पुढे फोन लागणार नाही. चढ शेवटी आहे. बाटली निम्मी झाली की मागे फिरा.

तेव्हा, रविवारच्या मंडळींनो, तुमच्यासाठी (गटावर लिहिलं तर चिडाल म्हणून इथे) माझा हिशोब. थंडीत माणशी दोन लिटर, उन्हाळ्यात तासाला एक लिटर धरून चाला, मुलांचं वेगळं. तीस अंशांच्या पुढचा अंदाज असेल तर घळीत उतरू नका, समुद्रावर जा. निघायचं सात वाजता, पोहे परतल्यावर. नदीचं पाणी पिऊ नका, वर गुराढोरांची कुरणं आहेत. मोठा पाऊस होऊन गेला असेल किंवा वरच्या अंगाला आभाळ भरलं असेल तर तारेच्या बाजूला जाऊ नका, सांदण दरीत पावसाळ्यात उतरू नका असं साम्रदचे लोक ज्या कारणासाठी सांगतात त्याच कारणासाठी. पायात बूट, चपला नकोत. कुत्रं घरी ठेवा, तिथे परवानगी नाही. कुठे जातोय आणि कितीला परत येणार हे घरी थांबलेल्या कुणालातरी सांगून ठेवा, आणि परत आल्यावर आठवणीने कळवा. 'इमर्जन्सी प्लस' नावाचं ॲप फोनमध्ये घाला, ते तुम्ही कुठे आहात त्याचे आकडे दाखवतं, मग कुणी चौक विचारला तर देता येतात. नव्या फोनांना उपग्रहावरून मदत मागता येते म्हणतात, खरं आहे, पण त्याला उघडं आभाळ लागतं आणि घळीत आभाळाची एक पट्टीच दिसते. भरवसा पाण्यावर ठेवा.

आणि सगळ्यात मंद चालणाऱ्या माणसाला सगळ्यात पुढे ठेवा. तो थांबला की सगळे थांबले. त्या दिवशी बाबा सगळ्यांच्या मागे होते, आणि मी पुढे फोटो काढत होतो.

सासरे २०१९ मध्ये पुन्हा आले. बहात्तर वर्षांचे. सप्टेंबर होता, वॉटलची पिवळी फुलं सगळीकडे लोंबत होती, नदीला बऱ्यापैकी पाणी होतं. मीच भीत भीत विचारलं, "बाबा, जायचं का?" ते म्हणाले, "त्यात काय विचारायचं, माझा हिशोब राहिलाय तिथे." सकाळी साडेसातला आम्ही दोघंच निघालो, पाठीवर सहा लिटर पाणी. या वेळी चढ आधी घेतला. ते पुढे, मी मागे. वर माथ्यावर एक गरुड, शेपटी पाचरीसारखी असलेला इथला मोठा गरुड, घळीवर घिरट्या घालत होता, आमच्या डोळ्यांच्या पातळीच्या थोडा खाली. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग खाली उतरून तारेपाशी आलो, तार घट्ट धरून ते खडकावरून हळूहळू सरकत पलीकडे गेले आणि मागे वळून मला म्हणाले, "सोपं नाहीये रे. पण छान आहे."

गटावरच्या आमंत्रणात हेच एक वाक्य घाला एवढंच माझं म्हणणं आहे.